रिकामी टेबलं आणि घरून काम: सरकारी नोकरांना ही मुभा असावी का?

टिपणीकार

एप्रिल २०२२ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे मंत्री जेकब रीस-मॉग सरकारी कचेऱ्यांमधल्या रिकाम्या टेबलांवर छापील चिठ्ठ्या ठेवून आले होते. आशय असा, की मी आलो तेव्हा तुम्ही जागेवर नव्हता, लवकरच ऑफिसात भेट होईल अशी आशा आहे. बऱ्याच जणांना हसू आलं. मला मात्र वाटलं, सगळं दुखणं या चिठ्ठीतच आहे. मंत्रिमहोदयांनी खुर्ची तपासली. त्या खुर्चीतल्या माणसाचं काम झालंय का, हे विचारायचं राहूनच गेलं.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांचं काम फायलींवर किंवा संगणकावर चालतं, त्यांना आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करू द्यावं. मीही सरकारी खात्यात टिपण्या लिहितो. किचकट प्रकरण घरी बसून एका सकाळीत हातावेगळं होतं. ऑफिसात त्यालाच तीन दिवस लागतात, कारण दर दहा मिनिटांनी कुणीतरी 'जरा बघता का' म्हणत टेबलाशी उभं असतं.

आणि हा करोनाने लावलेला शोध नव्हे. अमेरिकेच्या पेटंट आणि ट्रेडमार्क कार्यालयात काही परीक्षक, म्हणजे आलेले अर्ज तपासणारे अधिकारी, १९९७ पासूनच घरून काम करू लागले होते. पुढे पेटंट परीक्षकांना हव्या त्या गावी राहून काम करायची परवानगी मिळाली. संशोधकांनी मोजून पाहिलं, तर आधी नुसतं घरून काम करत असतानाच्या तुलनेत त्यांचं काम आणखी ४.४ टक्क्यांनी वाढलेलं निघालं.

रांगेतला

त्या कार्यालयाचं नाव तुम्हीच काढलंत, बरं झालं. त्याची दुसरी गोष्टही सांगा की. २०१४ मध्ये अमेरिकी वाणिज्य खात्याच्या महानिरीक्षकांचा त्यावर अहवाल आला होता. अपील मंडळातले कायदा सहायक घरून 'काम' करत होते आणि कित्येक तास टीव्ही पाहण्यात, घरच्या कामांत जात होते. पगार पूर्ण, वर बोनसही. पन्नास लाख डॉलरांवर पैसा वाया गेला. लोकांच्या करातला.

टिपणीकार

खरं आहे. पण तो अहवाल पुढे वाचलात, तर कारणही त्यातच आहे. मंडळावर न्यायाधीश वाढणार म्हणून सहायक आधीच भरून ठेवले आणि मग न्यायाधीशांची भरतीच अडली. या लोकांना द्यायला काम नव्हतं. वरिष्ठांना हे ठाऊक होतं, तरी ते तास 'इतर वेळ' या खात्यावर बिनबोभाट टाकले जात होते. त्यांना ऑफिसात बसवलं असतं, तर तिथे बसून माश्या मारल्या असत्या. फक्त खुर्च्या भरलेल्या दिसल्या असत्या आणि चिठ्ठी ठेवायला कुणी आलं नसतं.

कार्यालय एकच. परीक्षकांच्या हातून निघालेलं प्रत्येक प्रकरण मोजलं जायचं. सहायकांचे नुसते तास मोजले गेले.

रांगेतला

म्हणजे मोजता येईल त्यालाच घरी पाठवायचं. मग सरकारात मोजता येणारं काम कितीसं आहे, तेही सांगा. धोरणाचा मसुदा करणाऱ्याची पानं मोजणार?

दुसरं, खासगी कंपनीने हेळसांड केली, तर मी दुसरीकडे जातो. सरकारी दाखला दुसरीकडे मिळत नाही. फाईल अडकली, तर निदान जाऊन समोर उभं राहता येतं. 'साहेब आज घरून काम करतायत' असं ऐकलं, की तेवढंही हातात उरत नाही.

जुना हजेरीपट

रिकाम्या इमारतींचं काय करायचं? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २०२३ मध्ये २४ मोठ्या संस्थांची मुख्यालयं पाहिली. १७ ठिकाणी सरासरी २५ टक्के किंवा त्याहून कमी जागा वापरात होती. दिवे, देखभाल, पहारा यांचा खर्च चालूच.

टिपणीकार

मग जागा सोडा. इमारत भरायला माणसं बोलवायची, हा उलटा कारभार झाला.

नवी भरती

मी घरून कामाच्याच काळात रुजू झाले, म्हणून थोडं बोलते. नियम, परिपत्रकं सगळं ईमेलने मिळालं. पण कुठल्या साहेबांना कशी टिपणी चालते, कोणती फाईल आधी तोंडी बोलून मगच वर न्यायची, हे कशातच लिहिलेलं नसतं. ते शेजारच्या टेबलावरून कानावर पडत असतं. माझं पहिलं वर्ष त्याविना गेलं. साध्या चुकांसाठी फाईल चारचारदा परत यायची आणि 'का' ते विचारायला फोन करायचाही संकोच वाटायचा.

आता ठरावीक दिवस हजेरी सक्तीची आहे. गंमत म्हणजे मी जाते त्या दिवशी ज्यांच्याकडून शिकायचं ते घरी! मग ऑफिसात बसून त्यांच्याशीच व्हिडिओ कॉल. अख्ख्या शाखेने एकाच दिवशी यावं, एवढं तरी ठरवा. हजेरीच्या नुसत्या टक्केवारीने काही साधत नाही.

टिपणीकार

हे मात्र पटलं. टिपणीच्या खुब्या मीही शेजाऱ्याकडूनच उचलल्या होत्या, आणि वर त्याच शेजाऱ्याची तक्रार करून बसलो.

पण सरसकट आदेशांचा इतिहास काही बरा नाही. कॅनडात एप्रिल २०२३ मध्ये दीड लाखावर सरकारी कर्मचारी संपावर गेले. पगाराबरोबर घरून काम हीही मोठी मागणी होती. तो हक्क करारात आला नाहीच, पण प्रत्येक अर्जाचा स्वतंत्र विचार करून लेखी उत्तर द्यायचं, एवढं स्वतंत्र पत्राने ठरलं. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते. नकार द्या, पण कारण कागदावर येऊ द्या. सप्टेंबर २०२४ पासून मात्र सरकारने आठवड्यातून किमान तीन दिवस हजेरीचा नियम लावलाच. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये नव्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी सरकारी कर्मचाऱ्यांना पूर्णवेळ ऑफिसात परत बोलावलं.

खिडकीअलीकडचा

इतका वेळ नुसतं वाचत होतो. मी खिडकीवर बसतो. घरून काम हा शब्द आमच्या वाट्याला नाहीच. आणि आम्ही मूठभर नाही. अमेरिकी सरकारच्या २०२४ च्या आकडेवारीत सुमारे २३ लाख नागरी कर्मचाऱ्यांपैकी ५४ टक्के लोकांचं काम जागेवर हजर राहूनच होणारं होतं.

साहेब घरी असले, की लोकांचा राग माझ्यावर निघतो, सही त्यांची अडलेली असली तरी. मुभा द्यायची तर द्या, आकस नाही. पण लवचीक म्हणजे फक्त घर, हे कुणी ठरवलं? आम्हाला पाळी आपसात बदलून घेऊ द्या. पाळ्यांचा तक्ता महिनाभर आधी लावा. मुलाच्या शाळेसाठी तासभर उशिरा येऊन तासभर उशिरा जाऊ द्या. याला काही खर्च नाही आणि याच्यावर कुणी भांडतही नाही.

रांगेतला

यांचं म्हणणं ऐका आधी. मी एवढं मानायला तयार आहे, की फोन उचलला जात असेल आणि माझी फाईल आज कुणाकडे आहे हे मला घरबसल्या दिसत असेल, तर साहेब कुठे बसतात याच्याशी मला देणंघेणं नाही.

पण टिपणीकार, एक सांगा. एका सकाळीत हातावेगळं केलेलं ते किचकट प्रकरण. त्याची तुमच्या खात्यात नोंद कुठे झाली?

टिपणीकार

कुठेच नाही. हजेरीपटावर त्या तारखेला 'घरून' एवढं लिहिलंय.

खिडकीअलीकडचा

माझ्याकडे रोज किती टोकन निघाली आणि प्रत्येकाला किती मिनिटं लागली, हे संध्याकाळी वरच्या पडद्यावर झळकतं. तुमच्या हिशेबाने मग घरी बसायला लायक मीच की!