मदत हवी आहे: भांग-गांजा आणि स्मरणचाचणीसाठी शब्दयाद्या

सोलापुरातल्या प्रौढांसाठी स्मरणचाचणी तयार करतोय. गांजा-भांगेतल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकामुळे आधी शिकलेलं बहुतेक शाबूत राहतं, नवीन मात्र मेंदूत नीट साठत नाही. म्हणून 15 शब्द पाच वेळा वाचायचे, 20-30 मिनिटांनी पुन्हा विचारायचे. ओढलेल्या गांजाचा अंमल काही मिनिटांत चढतो, प्यायलेल्या भांगेचा कधी तास-दीड तासाने, आणि उतरतोही उशिरा; ती वेळ सांभाळू.

अडचण याद्यांची आहे. तीच यादी पुन्हा वापरली की सरावाने गुण वाढतात, नशेचा परिणाम झाकला जातो. शिवाय इथे कित्येकांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. मराठी शब्दच अनोळखी असेल तर चूक स्मरणाची धरता येत नाही. तिन्ही भाषांत सारख्याच ओळखीच्या शब्दांच्या दोन-दोन याद्या कुणाकडे आहेत का?