मदत हवी आहे: डिस्चार्जनंतरच्या गोळ्यांसाठी योजना (सांगली)

नमस्कार मंडळी. वडील ७३ वर्षांचे, तासगाव तालुक्यातले. आयुष्मान कार्डावर सांगलीत अँजिओप्लास्टी झाली, खर्च काहीच आला नाही. पण डिस्चार्जनंतर १५ दिवसांचीच औषधं योजनेत बसतात, ती संपली. आता सगळ्या गोळ्या दर महिन्याला विकतच. परवा आप्पा रक्त पातळ करायची गोळी नखानं मोडून अर्धीच घेताना दिसले, काळजात चर्र झालं. स्टेंट बसवल्यावर ही चुकवून चालतच नाही! ५ लाखांचं कवच भरती झालं तरच, रोजच्या गोळीला नाही, हे मला पटत नाही.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून औषधोपचार मोफत आहेत. तिथं खासगी डॉक्टरांची चिठ्ठी चालते, की नवीन केसपेपर काढून तपासावं लागतं? टिकाग्रेलॉर (हीच ती रक्त पातळ करायची गोळी) मिळते का? जनऔषधी केंद्रात कोणी घेतली असेल तर तेही कळवा, चार दिवसांचीच पाकिटं उरलीत.