मदत हवी आहे: चालू युद्धाबद्दल वर्गात शिकवताना तटस्थ कसं राहायचं?

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. संयुक्त राष्ट्रांच्या धड्यात गाझाचा विषय निघाला. पोरं रील्स बघून मत ठरवूनच आलेली. म्हणून मी फळ्यावर सनावळी लिहिली: १९४७ची पॅलेस्टाईनच्या फाळणीची योजना आणि तिच्या विरोधात भारताचं मत, १९४८ आणि १९६७ची युद्धं, १९८८ला भारताने पॅलेस्टाईनला दिलेली मान्यता, १९९२ला इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध, ७ ऑक्टोबर २०२३चा हमासचा हल्ला आणि त्यानंतरचं गाझातलं युद्ध. वहीच्या पानाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला. एकांना १९८८ खटकलं, दुसऱ्यांना १९९२. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, धड्यापुरतंच शिकवा."

त्यांची अडचण मला कळते. पण मी गप्प बसले तर मुलं विषय सोडणार नाहीत, मला विचारायचं तेवढं सोडतील. शिवाय वाद गाझावरून सुरू होतो आणि बघता बघता "तुम्ही लोक"वर येतो. त्या तासाला एक मुलगा दप्तर मांडीवर घेऊन बसला, शेवटपर्यंत त्याने मान वर केली नाही. मला खरी काळजी त्याची आहे.

इंग्लंडमध्ये १९९६च्या शिक्षण कायद्याने शाळेत एका पक्षाचा प्रचार करायला मनाई आहे. जर्मनीत १९७६चं बॉयटेल्सबाखचं सूत्र पाळतात: मुलांवर मत लादू नका, आणि समाजात ज्यावर वाद आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडा. पटतं. पण मी अडते काळारामापाशी. २ मार्च १९३०ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तेव्हा आपल्या पंचवटीत मंदिरप्रवेश हा वादाचाच विषय होता ना? तरी तो मी "दोन्ही बाजू सारख्याच" म्हणून शिकवत नाही, शिकवणारही नाही.

मग चालू युद्धात काय चर्चेला खुलं ठेवायचं? सीमा कुठे असावी, भारताने काय भूमिका घ्यावी, यावर मुलांनी खुशाल भांडावं. निरपराध माणसं मारणं, ओलीस धरणं यावर मतदान नको, असं मला वाटतं. ही रेघ तुम्ही कशी आखता? आणि "मॅडम, तुम्ही कोणाच्या बाजूने?" याला काय उत्तर देता?

कुणाच्या शाळेत याबद्दल लेखी धोरण किंवा पालकांना आधी दिलेलं पत्र असेल तर नमुना टाका. पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे, त्याआधी मुख्याध्यापकांपुढे काहीतरी ठोस ठेवायचंय.