रिकामी खोली आणि हातात 8 हजार: आधी काय घ्यावं?

उचगावकर: भाड्याची एक खोली, आम्ही दोघं, मिळकत महिना 12 हजार. सामान शून्य. सुरुवात कुठून करावी?

चुलीपासून: स्वयंपाकापासून. घरात कुणाच्याच नावावर गॅस नसेल तर वहिनींच्या नावानं उज्ज्वला योजनेत बसता का, ते गॅस एजन्सीत विचारा; उत्पन्नाच्या अटीत बसलात तर अनामत भरावी लागत नाही. कुकर 3 लिटरचा, आयएसआय शिक्क्याचाच. बाकी भांडी रविवारी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात बघा. आमटी, कट असलं आंबट-तिखट शिजवायला स्टील घ्या, ॲल्युमिनियम नको.

रॅकवाला: स्वस्त पार्टिकल बोर्डाच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) कपाटाला भुलू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते फुगतं, स्क्रूची भोकं सैल होतात आणि मग दुरुस्तीच होत नाही. त्यापेक्षा लोखंडी अँगलचा रॅक करा: 6 फुटी 4 अँगल, 4 ट्रे, प्रत्येक ट्रेला 8 याप्रमाणे 32 नटबोल्ट. सगळ्यांत वरच्या आणि खालच्या ट्रेला कोपऱ्यांत तिकोनी पट्ट्या हव्यातच, नाहीतर रॅक डुलतो. खालचा ट्रे फरशीपासून 6 इंच वर ठेवा, ओल धान्याच्या डब्यांना लागत नाही.

उचगावकर: पलंग आणि फॅन जुने चालतील?

रॅकवाला: फॅन चालेल, पण दुकानातच लावून बघा. हळू फिरत असेल तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो, 2.5 मायक्रोफॅरडचा नवा स्वस्तात बसतो. घरघर असेल तर बेअरिंग. मग भाव पाडून घ्या.

चुलीपासून: लाकडी पलंगाचे सांधे बॅटरीनं तपासा. काळे ठिपके म्हणजे ढेकूण, तो सोडाच. जुनी गादी तर फुकट मिळाली तरी नको.