'सौम्यता' आणि 'सहनशीलता': शीर्षकात काय घालू?

अंजिरी: आमच्या मंडळीच्या संडे स्कूलसाठी एक इंग्रजी पत्रक मराठीत करतेय. ख्रिस्ती माणसाने इतरांशी 'जेंटल' कसं वागावं, हा विषय. त्यात दोन वचनं आहेत, गलती ५:२३ आणि फिलिप्पै ४:५. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द. आपल्या बायबलात मात्र पहिल्या ठिकाणी 'सौम्यता', दुसऱ्या ठिकाणी 'सहनशीलता'. मुलांना 'सौम्य'चा अर्थ विचारला तर एक म्हणाला, "कमी तिखट." दुसरा म्हणाला, "लाठीमार."

नगरी चिमटा: दुसऱ्याला पैकीच्या पैकी. पेपरात लाठीमार नेहमी सौम्यच असतो. करोनात लक्षणं सौम्य झाली आणि स्थळांच्या जाहिरातीत मंगळ. माणूस सौम्य असल्याचं शेवटचं कधी वाचलंत?

शुद्धमती: शब्दाचा काय दोष? सोमावरून सौम्य, चंद्रासारखा शीतल. गीतेत १७व्या अध्यायात मनाच्या तपात 'सौम्यत्व' आहे. मुलांना अर्थ शिकवा, शब्द बदलू नका.

वसईची केळी: दोन मराठी शब्द बरोबरच आहेत, घोळ इंग्रजीने केलाय. मूळ ग्रीकमध्येच शब्द वेगळे. गलतीत 'प्राऊतेस', फिलिप्पैत 'एपिएइकेस'. दुसऱ्याचा अर्थ हक्क आपला असला तरी तो ताणून न धरणं. खरं तर 'सहनशीलता'ही तिथे नीट बसत नाही. आपण 'पडतं घेणं' म्हणतो ते जवळचं. आमच्या आजोबांनी धाकट्या भावाला बांधाची हातभर जमीन सोडली. कागद आजोबांच्या बाजूने होते. आता यांना सौम्य म्हणायचं तर पंचाईत, कारण भांडणात त्यांचा आवाज तीन वाड्या पलीकडे जायचा. पण सोडली.

अंजिरी: आजोबा पत्रकात घेऊ का? :) आमचे पाळक प्रवचनात म्हणाले होते की 'प्राऊस' (त्याच 'प्राऊतेस'चं विशेषण) म्हणजे लढाईसाठी तयार केलेला घोडा. ताकद आहे, पण लगामात.

वसईची केळी: हा घोडा सगळ्या प्रवचनांतून दौडतो. झेनोफोन या प्राचीन ग्रीक लेखकाने घोड्यांसाठी तो शब्द वापरलाय, खरं आहे. पण कुठल्याही माणसाळलेल्या जनावराला आणि शांत माणसालाही तो लागतो. लढाई मागाहून पदरची घातलेली. त्यापेक्षा ॲरिस्टॉटल घ्या. सारखं भडकणं एका टोकाला, कशाचाच राग न येणं दुसऱ्या टोकाला, आणि मधे हा गुण.

नगरी चिमटा: मग मोशेचं कोडं सुटलं. गणना १२:३ म्हणते त्याच्याइतका नम्र माणूस पृथ्वीवर नव्हता, आणि त्यानेच लोकांनी पूजलेलं सोन्याचं वासरू बघून देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या आपटून फोडल्या.

बोरूबहाद्दर: साधा मऊपणाचा 'मवाळ' कुणाला आठवत नाही? बिचारा जहालांच्या विरोधात उभा केला गेला आणि कायमचा शेळपट ठरला. गोखल्यांचं काय झालं ते सोडा, शब्द मेला. शुद्धमती, चंद्राबिंद्राचं कौतुक पुरे. पंडिता रमाबाई केडगावात बसून हिब्रू-ग्रीकवरून भाषांतर करत होत्या ते साध्या बायकांना कळावं म्हणून.

शुद्धमती: साधं म्हणजे संस्कृत नको, हे कुणी ठरवलं? 'शांती'ही संस्कृतच आहे, ती चालते.

माळावरची: मी बायबल वाचलेलं नाही. पण आमच्या आजीचा यासाठी एकच शब्द, 'गरीब'. "ही गाय गरीब आहे, पोराला जवळ जाऊ दे." पैशाचा संबंध नाही.

वसईची केळी: अहो, काय बोललात! मत्तय ५:५ मधलं 'जे सौम्य ते धन्य' हे जुन्या करारातल्या ३७व्या स्तोत्रावरून आलंय. तिथला हिब्रू शब्द 'अनावीम'. त्याच कुळातला 'अनी' म्हणजे गरीब, दडपलेला. आजीने दोन्ही अर्थ एकाच शब्दात बांधले.

शुद्धमती: 'गरीब' अरबी आहे, मूळ अर्थ परका. आणि 'जे गरीब ते धन्य' छापलंत तर लूक ६:२० मधल्या दीनांशी गल्लत होईल.

बोरूबहाद्दर: अरबी असो की जपानी, गाईला कळतंय ना?

नगरी चिमटा: १ पेत्र ३:१५ पण बघा. विश्वासाबद्दल कुणी विचारलं तर उत्तर 'सौम्यतेने व भीडस्तपणाने' द्या म्हणे. भीडस्त माणूस उत्तर देतो कुठे? चहा घेणार का विचारलं तरी "नको" म्हणतो.

अंजिरी: मंडळी, पत्रक उद्या छापायला जातंय. शीर्षकाची जागा अजून रिकामी आहे.

बोरूबहाद्दर: माळावरची, गरीब गाईच्या उलट तुमच्याकडे काय म्हणतात? आमच्याकडे 'मारकी'.

माळावरची: 'मारकुटी'. पण ते मास्तरांनाही लावतात.