टपालाने देशी रोपे मागवताना काय पाहावे?

प्रश्न: बागेत आपल्या परिसरातील मूळची झाडे लावण्याची मनापासून इच्छा आहे, परंतु ती जवळपास मिळत नसल्याने टपालाने मागवावी लागतील. मागवण्यापूर्वी काय पडताळावे?

पहिले उत्तर: शास्त्रीय नाव अवश्य पाहावे, कारण एकाच बोलीनावाखाली भिन्न प्रजाती विकल्या जातात. केवळ ‘देशी’ या शब्दावर विसंबू नये. बी कोणत्या भागातून गोळा केले हेही विचारावे, कारण दूरच्या हवामानातील बियांपासून वाढलेली रोपे त्याच प्रजातीची असूनही वेगळ्या वेळी फुलू शकतात. रोपे रानातून उपटलेली नसून रोपवाटिकेत वाढवलेली आहेत, याची खात्री करणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

दुसरे उत्तर: मोठ्या रोपाचा मोह टाळावा, लहान रोप प्रवास अधिक सोसते आणि लवकर रुजते. खोके येताच उघडून माती बोटाने चाचपावी, कोरडी असल्यास पाणी द्यावे आणि काही दिवस सावलीत ठेवून मगच हळूहळू उन्हाची सवय लावावी. मुळे गोल गुंडाळलेली असल्यास हलक्या हाताने मोकळी करावीत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मातीविना, उघड्या मुळांची रोपे चालतील का?

दुसरे उत्तर: पानगळीच्या प्रजाती सुप्तावस्थेत असताना अवश्य चालतील, मात्र मुळे वाटेत ओलसर राहायला हवीत आणि लावण्यापूर्वी ती काही तास पाण्यात बुडवून ठेवावीत.