फ्रिगेट एवढी मोठी हवी का? निलगिरी, अर्नाळा आणि आपला किनारा

जयगडकर
माझं मत मांडतो, विरोध असेल तर कारणासकट लिहा. निलगिरी वर्गाच्या सात फ्रिगेट्स, म्हणजे मधल्या आकाराच्या युद्धनौका, चार मुंबईच्या माझगाव डॉकने बांधायच्या आणि तीन कोलकात्याच्या गोदीने. पहिली निलगिरी १५ जानेवारी २०२५ला मुंबईत दाखल झाली, उदयगिरी आणि हिमगिरी त्याच वर्षी २६ ऑगस्टला विशाखापट्टणमला. लांबी १४९ मीटर, वजन सुमारे ६,६७० टन. याच नावाची जुनी निलगिरी १९७२ची, ती ३,००० टनांच्या आसपास होती. नाव तेच, म्हणायचं फ्रिगेटच, आणि वजन दुपटीच्या वर.

माझा आक्षेप वजनाला नाही, एका जहाजावर एवढं सगळं लावून बसण्याला आहे. जुनी विंध्यगिरी ३० जानेवारी २०११ला मुंबई बंदरात मालवाहू जहाजाशी धडकली, पेटली आणि दुसऱ्या दिवशी धक्क्यालाच बुडाली. जुलै २०२४मध्ये ब्रह्मपुत्रा ही फ्रिगेट दुरुस्तीत असताना पेटली, एका कुशीवर कलली आणि एक नौसैनिक गेला. दोन्ही वेळा शत्रू कुठेच नव्हता. मोजकीच मोठी जहाजं असली की असा एक अपघात किती महागात पडतो! शिवाय निलगिरीचा कणा डिसेंबर २०१७मध्ये ठेवला, म्हणजे बांधणी तेव्हा सुरू झाली, म्हणजे एका जहाजाला सात वर्षं. ती सात वर्षं आणणार कुठून?

आपल्याकडे उथळ पाण्यात पाणबुडी शोधणाऱ्या १६ छोट्या नौका होताहेत. वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचं नाव पहिलीला दिलंय, ७७ मीटरची, जून २०२५मध्ये दाखल झाली. त्यातल्याच एकीचं नाव मालवण आहे. मी म्हणतो, अशा पन्नास बांधा. कान्होजी आंग्र्यांनी गलबतांच्या झुंडीवर इंग्रज-पोर्तुगीजांना जेरीस आणलं, ते याच किनाऱ्यावर.

फिटर_राजापूर
आंग्र्यांचं अर्धंच सांगितलंत. गलबतं होती, पण पुढे दोन जड तोफा घेऊन जाणाऱ्या गुराबा, म्हणजे मोठ्या नौकाही होत्या. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराब ओढत न्यायची. तोफ गुराबेवरच का? कारण गलबताला तिचं वजन आणि धक्का पेलायचा नाही. आजही तेच आहे.

निलगिरीच्या आधीच्या वर्गातल्या शिवालिकचं काम चाललं होतं तेव्हा मी डॉकमध्ये पाइप फिटर होतो. तिच्या पुढच्या डेकवर क्षेपणास्त्र सोडायला एकच हात. एक सुटलं की हात उभा राहायचा, खालून दुसरं घ्यायचा, मग पुन्हा वळायचा. समोरून चार-पाच एकदम आली तर? निलगिरीवर हल्ला हवेतच पाडणारी बराक-८ क्षेपणास्त्रं डेकखाली उभी ठेवलीत, ३२. ब्राह्मोसही उभीच, आठ. वळायचं नाही, भरायचं नाही. मुख्य रडार फिरत नाही, चारही बाजूंना चार स्थिर पाट्या, सतत बघत असतात. या पाट्या उंचावर हव्यात. उंचावर वजन चढवलं की खालून जहाज रुंद आणि जड करावं लागतं, नाहीतर लाटेत कलंडेल. टन हौसेने वाढत नाहीत.

जयगडकर
गुराबेचं मान्य. पण प्रत्येक कामाला गुराब लागते का?

फिटर_राजापूर
पाणबुडी मारायलासुद्धा स्वस्त जहाज चालेल म्हणून इंग्रजांनी ज्या बाराशे टनांच्या, एकाच पंख्याच्या फ्रिगेट्स बांधल्या, त्यातलीच आपली खुकरी. ९ डिसेंबर १९७१ला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीला तिचा पत्ता आधी लागला. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक, आणि कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. स्वस्त फ्रिगेट म्हटलं की मला तो आकडा दिसतो.

पाणबुडी कानांनी शिकार करते. म्हणून आम्हाला ताकीद असायची की पाइप थेट पोलादाला टेकता कामा नये. मध्ये रबर पाहिजे, वळणावर लवचिक जोड पाहिजे. डिझेल इंजिनं रबरी पायांवर बसवायची. एक क्लॅम्प उघडा राहिला तर इंजिनाची थरथर तिथून तळाच्या पत्र्यात, पत्र्यातून समुद्रात. मी गुडघ्यावर बसून हाताचा तळवा एकेका क्लॅम्पखाली सरकवून बघितलाय. या सगळ्याला जागा लागते, आणि छोट्या नौकेत तीच नसते.

वेंगुर्ल्याची_लेक
माझा भाऊ टँकरवर थर्ड इंजिनिअर आहे. २०२४च्या जानेवारीत तो एडनच्या आखाताकडे होता, तेव्हा आईने आठ दिवस नीट जेवण केलं नाही. त्याच महिन्यात मार्लिन लुआंडा या टँकरवर क्षेपणास्त्र पडलं, त्यावर २२ भारतीय होते. आग विझवायला आपली विशाखापट्टणम गेली. ती विनाशिका, म्हणजे फ्रिगेटहूनही मोठी, हे मला कळतं. पण वेंगुर्ल्यापासून एवढ्या लांब जाऊन तिथे आठवडेच्या आठवडे राहायचं, हेलिकॉप्टर ठेवायचं, आग विझवणारी माणसं द्यायची, हे ७७ मीटरच्या नौकेला झेपेल? जयगडकर, कोकणाचा किनारा जयगडलाच संपत नाही. आपल्या घरटी एक माणूस बोटीवर असतो, तो जिथे आहे तिथपर्यंत आपला किनारा.

हर्णैचा_तांडेल
ताईंचं पटलं. पण आमचंही ऐका. या जहाजांच्या बाजू तिरक्या, दोरखंड-नांगर झाकलेले, का तर रडारवर लहान दिसावं. युद्धात बरोबर. पण रात्री जाळं टाकून बसलेल्या ट्रॉलरनेही तिला ओळखायचं कसं? नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्यापासून सत्तर मैलांवर पाणबुडी आणि मच्छीमार बोट धडकली, तेरा खलाशांतले अकराच तेव्हा हाती लागले. बोटीवर ट्रान्सपाँडर, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळवणारं यंत्र, लावा म्हणून आम्हाला सांगतात, आम्ही लावूही. शांततेच्या काळात, आमच्या मासेमारीच्या पट्ट्यात, त्यांनीही आपला लावून ठेवावा. फ्रिगेट मोठी की लहान यापेक्षा मला हे आधी हवंय.

जयगडकर
तांडेल, तुमची मागणी रास्त आहे, माझा पाठिंबा. ताईंना उत्तर नाही माझ्याकडे, तिथे मोठंच जहाज लागतं. खुकरीचंही मान्य. पण फिटरसाहेब, सात वर्षांचं काय?

फिटर_राजापूर
पहिल्या जहाजाला वेळ लागतोच, नकाशे कामाबरोबर पक्के होतात. निलगिरी सप्टेंबर २०१९ला पाण्यात उतरली, नौदलाच्या ताब्यात गेली डिसेंबर २०२४ला, म्हणजे त्रेसष्ट महिने. त्याच डॉकमधली उदयगिरी मे २०२२ला उतरली आणि जुलै २०२५ला दिली. सदतीस महिने. जहाजाचे तुकडे जोडण्याआधीच त्यात पाइप-केबल भरून घेतात, त्याचाही हा फायदा. हात बसला की वेग येतो. काम थांबलं की तोच हात जातो, वेल्डर आखातात निघून जातात, आणि पुढच्या वर्गाला पुन्हा त्रेसष्टपासून मोजायला लागतं.

जयगडकर
सदतीसचा आकडा मला माहीत नव्हता. वेळेचा आक्षेप मागे घेतो, संख्येचा घेत नाही. एवढा हात बसलाय तर सातावर का थांबायचं? आठवीचा कणा सातवी धक्क्यावर असतानाच ठेवा. आणि अर्नाळाही सोळावर थांबवू नका.